खराट्याने केलेली शुद्धी : श्री गाडगे महाराज

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत. घरोघरी घट मांडले जातायत, उंबरठे हळदीने सजतायत. अशा दिवसांत आपल्या ग्रुपवर घराच्या शुद्धीबद्दल बरेच प्रश्न येतात. फरशी पुसायच्या पाण्यात खडेमीठ घालावं का? गोमूत्र कोणत्या वारी शिंपडावं? धुपात कडुलिंबाचा पाला चालतो का? आपल्या तेलुगू शेजारणी दारावर कोहळा टांगतात, तो आपणही टांगावा का? याच महिन्यात, २० डिसेंबरला, गाडगे महाराजांची पुण्यतिथी येते. ज्यांनी सगळं आयुष्य शुद्धीच्या कामात घालवलं त्यांचं चरित्र आधी वाचू या, मग या प्रश्नांकडे वळू या.

महाराजांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. घर परिटाचं. ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. जुन्या काळी गावात कुणाकडे बाळंतपण झालं किंवा मयत झाली, की त्या घरचे कपडे परीट घेऊन जायचा. धुऊन आणायचा, तेव्हा कुठे घर शुद्ध झालं म्हणायचे. म्हणजे सगळ्या गावाचं सोयर-सुतक ज्याच्या हातून धुतलं जायचं, त्या माणसाला मात्र गाव खालचा मानायचं. डेबूने हे लहानपणापासून पाहिलं.

घरावर पहिलं संकट आलं ते दारूचं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे देवकार्य म्हटलं की कोंबडं-बकरं कापायचं आणि सोबत दारू असायचीच. वडील झिंगराजी त्या व्यसनात सापडले आणि १८८४ साली गेले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. तिथे डेबू गुरं राखायला लागला, पुढे नांगर धरायला शिकला. अंगमेहनतीला तो कधी मागे हटला नाही.

दुसरं संकट आलं कर्जाचं. मामा चंद्रभान यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि पिकती जमीन हातची गेली. आता विचार करा, अशा घराला आजूबाजूचे लोक काय म्हणाले असते? कुणाची तरी नजर लागली, करणी झाली, घरात काही तरी बाधा आहे, उतारा टाका. आजही आपण असंच बोलतो. पण त्या घरातल्या बाधा अगदी उघड होत्या : दारू, कर्ज, निरक्षरता आणि देवाच्या नावावर होणारा खर्च. गाडगे महाराजांनी पुढे पन्नास वर्षं कीर्तनातून याच चार बाधांची नावं घेऊन लोकांना जागं केलं. स्वतः त्यांना अक्षरओळख नव्हती, पण पोरांना शाळेत घाला हे ते प्रत्येक गावात सांगत. त्यासाठी जेवायचं ताट मोडावं लागलं तरी मोडा आणि हातावर भाकरी खा, इथपर्यंत त्यांचा आग्रह असे.

१८९२ साली त्यांचं लग्न कुंताबाईंशी झालं. पहिली मुलगी झाली, तिच्या बारशाला भावकी जमली. रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. भावकी रुसली, बोल लावले, पण ते हटले नाहीत. माझ्या मते त्यांच्या हातून झालेली पहिली गृहशुद्धी हीच. घरात काय येऊ द्यायचं नाही हे ठरवायचं आणि त्यासाठी चार लोकांचा रोष घ्यायचा. चार थेंब शिंपडण्यापेक्षा हे फार अवघड असतं. ज्या ताईंनी आपल्या घरच्या कार्यात हे करून पाहिलंय त्यांना विचारा.

१ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक फुटकं गाडगं, एवढाच संसार. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं आणि ऊन लागलं की तेच डोक्यावर पालथं घालायचं. त्यावरूनच लोक गाडगेबुवा म्हणायला लागले. बारा वर्षं गावोगाव हिंडले. कुठे शेतात राबले, कुठे रस्ता नीट केला. मजुरी म्हणून भाकरी घेतली आणि पुढे निघाले.

मागे राहिलेल्या कुंताबाईंचाही विचार इथे करायलाच हवा. नवरा संत झाला, पण लेकरांना वाढवायचं काम त्यांच्यावर पडलं. महाराजांनी पुढे मोठमोठ्या धर्मशाळा बांधल्या, लाखो रुपये जमवले, पण त्यातला पैसा घरच्यांसाठी वापरला नाही. कुटुंब ऋणमोचनला झोपडीत राहिलं. आपण महाराजांना नमस्कार करतो तेव्हा त्यातला एक कुंताबाईंना पोचवावा.

आता त्यांच्या खराट्याकडे येऊ. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळद-कुंकू वाहतो, तिला लक्ष्मी म्हणतो. केरसुणी ही घरातली. खराटा असतो अंगणातला, गोठ्यातला, रस्त्यावरचा. महाराजांनी हातात धरला तो खराटा. त्यांची रीत अशी होती की गावात यायचं आणि कुणाला काही न सांगता गल्ल्या झाडायला लागायचं, तुंबलेली नाली मोकळी करायची. दिवसभर लोकांना वाटायचं, कुणी वेडा किंवा भिकारी आलाय. संध्याकाळी त्याच माणसाच्या कीर्तनाला सगळं गाव लोटायचं. गोपाळाच्या नावाचा गजर व्हायचा आणि मग प्रश्नांवर प्रश्न. ते लोकांना विचारत, लोक उत्तर देत आणि आपल्याच उत्तरात सापडत. नवस, बळी, मंत्र-तंत्र, अंगात येणं, कशालाच ते सोडत नसत. सत्यनारायणाच्या पूजेवरही परखड बोलत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सत्यनारायण होतो, म्हणून हे वगळून महाराजांचं गोड-गोड चरित्र सांगणं मला पटत नाही. जसे होते तसेच ते घ्यायला हवेत.

अमरावती जिल्ह्यातलं ऋणमोचन हे पूर्णा नदीकाठचं तीर्थ. तिथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. लोक पाप धुवायला नदीत उतरत आणि काठावर घाण करून जात. महाराजांनी तिथे घाट बांधायचं काम मनावर घेतलं. पंढरपूरलाही तेच. वारीत लाखो माणसं जमत, वाळवंटात घाण साचे, आणि त्या काळी यात्रांमधून पटकीची साथ पसरत असे. यात्रा संपून लोक घरी जात तेव्हा महाराज वाळवंट झाडत असत. पटकी पसरते ती घाणीने बिघडलेल्या पाण्यातून. कितीही अंगारे लावले तरी ते पाणी स्वच्छ होत नाही. हे पुस्तकं न वाचलेल्या माणसाने ओळखलं होतं.

पंढरपुरात आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे. विठ्ठलापर्यंत चालत आलेली माणसं उघड्यावर झोपत. १९२० च्या सुमारास महाराजांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीही त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ बांधली ती रोग्यांच्या नातेवाइकांसाठी, कारण खेड्यातला माणूस दवाखान्यात आला तरी त्याच्या माणसांनी राहायचं कुठे? भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, तसंच रोग्याला औषध, हाच त्यांनी धर्म सांगितला. आजारी माणसाला देवऋषाकडे नेऊ नका, हे त्यांचं सांगणं आजही तेवढंच लागू आहे.

मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली तेव्हा महाराज कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. कीर्तन थांबलं नाही. हे वाचून आपल्या पोटात कालवतं, पण जगातल्या सगळ्यांच्या लेकरांसाठी उभं राहिलेल्या माणसाने आपल्या लेकराचं दुःख कुठे ठेवलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

१९५६ च्या ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याला त्यांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी महाराजांनी देह ठेवला. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे. आपल्यासाठीही ते वर्ष महत्त्वाचं. त्याच १ नोव्हेंबरला राजुरा आणि किनवट तिकडे गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आलं. पण पैनगंगेच्या अलीकडे आपण तीच भाषा बोलतो आणि वऱ्हाडातला हा संत आपल्याही घरचा आहे. महाराष्ट्र सरकारने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्याकडे त्यांचं नाव टिकवायचं तर ते आपल्या अंगणातच टिकवावं लागेल.

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे येते. शेणसडा, रांगोळी, कडुलिंब, संध्याकाळचा धूप, उंबरठ्याची हळद हे आपलं घर प्रसन्न करणारं आहे, ते जरूर करावं. फक्त तीन गोष्टी सांभाळाव्यात.

*पहिली :* धूर करताना खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीत गोवरीचा किंवा लोबानाचा दाट धूर लहान लेकराला आणि दमेकऱ्याला त्रास देतो. पावसाळ्यानंतर आपल्या एजन्सी भागात तापाच्या साथी येतात. तिथे धुपाच्या आधी कूलर, कुंड्या, जुने टायर यांतलं साचलेलं पाणी ओतून द्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातही होतो. आशाताई आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळायला सांगतात, ते व्रत मार्गशीर्षाच्या गुरुवारासारखंच नेमाने धरा. आणि ताप आला की आधी रक्त तपासून घ्या. दृष्ट काढायची असेल तर दवाखान्यातून आल्यावर काढा.

*दुसरी :* आपल्या घरातली पीडा दुसऱ्याच्या दारात टाकू नका. उतरवलेलं लिंबू-मिरची, नारळ, वापरलेलं मीठ तिठ्यावर फेकलं की ते सकाळी कुणाला तरी उचलावं लागतं.

*तिसरी,* आणि महाराजांच्या चरित्रातून मला सगळ्यात जास्त बोचणारी : ते उचलतं कोण? जी बाई पहाटे आपल्या कॉलनीतली गल्ली झाडते, जो भाऊ घंटागाडीवर येतो, तो आपल्या घराची शुद्धी रोज करतो. त्यांना चहा द्यायचा झाला तर आपण कोणता कप काढतो? खिडकीत वेगळा ठेवलेला, दांडी तुटलेला? परिटाच्या घरी जन्मलेल्या संताच्या फोटोला हार घालायचा आणि त्या कपाला हात लावायचा नाही, हे दोन्ही एका घरात कसं चालेल? घरात नकारात्मक शक्ती शोधत असाल, तर आधी तो कप शोधा.

एक गोष्ट राहिली. गाडगे महाराज म्हणत की ते कुणाचे गुरू नाहीत आणि त्यांचा कुणी शिष्य नाही. पाया पडायला कुणी वाकलं तर काठी उगारत. आपण तर गुरुभक्त आहोत, मग हे कसं घ्यायचं? मला असं वाटतं, आपले सद्गुरूही आपल्याकडून चरणांवर डोकं टेकण्यापेक्षा सेवा मागतात. आणि सेवा म्हटली की त्यात नालीही आली. दोन्ही संतांचा रस्ता तिथे एकच होतो.

तेव्हा २० डिसेंबरला सकाळी ७ वाजता आपापल्या घरातून खराटा घेऊन बाहेर या. कंपाउंडच्या आतलं आपण रोज झाडतोच. त्या दिवशी कंपाउंडच्या बाहेरची दहा पावलं झाडू या. जमलं तर बोअरवेलजवळची जागा आणि शाळेसमोरची नालीसुद्धा. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी चहा करावा. घंटागाडीवाल्या भाऊंना आणि झाडणाऱ्या ताईंना आपल्या सोबत बसवून, आपल्याच कपात चहा द्यावा. फोटो काढून ग्रुपवर टाकायची गरज नाही.

॥ जय गुरुदेव ॥

आपली,
एक सेवेकरी ताई, आदिलाबाद