शेठ वालचंद हिराचंद
माल आपल्या देशात पिकला, गिऱ्हाईक परदेशात मिळाले; परंतु मधल्या समुद्रावरील जहाज परक्याचे असेल, तर भाड्याचा पैसा परक्याच्याच घरी जातो. हे वर्म ओळखणाऱ्या शेठ वालचंद हिराचंद यांचे आम्ही येथे आदरपूर्वक स्मरण करीत आहो.

शेठजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घरच्या व्यापारात मन न रमल्याने त्यांनी रेल्वेची ठेकेदारी पत्करिली. १९१९ साली सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया कंपनी स्थापिली व ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनास निघाली. प्रबळ ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून कोंडी केली. १९२३ च्या करारान्वये सिंदियास किनारी वाहतुकीवरच समाधान मानावे लागले. तथापि शेठजी खचले नाहीत. १९४१ साली विशाखापट्टणम् येथे गोदीची कोनशिला बसली. १९४८ साली तेथूनच ‘जलउषा’ पाण्यात उतरली. ८ एप्रिल १९५३ रोजी शेठजी निवर्तले.

भूगोल शिकविताना आम्ही मुलांकडून पिके व बंदरे पाठ करवून घेतली. जहाज कोणाचे, हे विचारावयाचे मात्र राहिले. ज्ञातिबांधवांनी आपल्या मुलांस ते अवश्य विचारावे.