कै. सार्वजनिक काका

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म सन १८२८ साली सातारा येथे झाला. पुण्यास येऊन प्रथम त्यांनी कोर्टात नाझराच्या कचेरीत कारकुनी केली व पुढे ते वकील झाले.

पुण्याच्या पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या फार तक्रारी होत्या. परंतु लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आला. काकांनी वकिली रीतीने कागदच पुढे केला. सुमारे सहा हजार लोकांनी मुखत्यारपत्रांवर सह्या करून ९५ प्रतिनिधी नेमले आणि दि. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. एका सहीसाठी किती खेपा पडतात हे आम्हां कचेरीतल्या माणसांस विचारावे! देवळाच्या हिशेबातून उभी राहिलेली ही सभा पुढे दुष्काळात रयतेची दाद सरकारकडे मागू लागली.

१८७२ मध्ये काकांनी स्वदेशीची शपथ घेतली. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या पोशाखात गेले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा सरकारचा रोष पत्करून काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. फडक्यांस जन्मठेप होऊन एडनला धाडण्यात आले. दि. २५ जुलै १८८० रोजी काका वारले.