बीथोव्हेनने लपवलेला आजार

लुडविग व्हान बीथोव्हेनचा जन्म १७७० मध्ये जर्मनीतल्या बॉनचा. १७९२ मध्ये तो व्हिएन्नाला आला आणि काही वर्षांतच त्या शहराचा लाडका पियानोवादक झाला. मात्र तिशीही गाठली नव्हती, तोच त्याच्या कानांत रात्रंदिवस गुणगुण सुरू झाली. वाद्यांचे आणि गाण्यातले वरचे स्वर लांबून ऐकू येईनासे झाले. नाट्यगृहात अगदी वाद्यवृंदाजवळ बसावे लागे. कोणी हळू बोलले, तर आवाज येई पण शब्द कळत नसत. आणि कोणी ओरडले, तर ते सहन होत नसे.

श्रवणदोषाची याहून नेमकी वर्णने फार थोडी सापडतील. १८०१ मध्ये त्याने ती दोन जिवलग मित्रांना पत्राने कळवली, पण गुप्त ठेवण्याच्या अटीवर. संगीतकारालाच ऐकू येत नाही, हे कळले तर लोक काय म्हणतील, ही भीती होती. दोन वर्षे त्याने लोकांत मिसळणे टाळले. डॉक्टरांनी कानात बदामतेल आणि कोमट पाण्याचे स्नान असे उपाय सुचवले. गुण आला नाही. १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट गावी त्याने भावांच्या नावे आपली व्यथा लिहून काढली. ते कागद कधीच पाठवले गेले नाहीत. १८२७ मध्ये तो गेल्यावर सापडले. लोक त्याला तुसडा समजत. तो माणसांपासून दूर का राहतो, याचे कारण त्यांत होते.

पुढे मेट्रोनोमशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या मेल्झेलने त्याला कानाला लावायचे कर्णे बनवून दिले. १८१८ पासून भेटायला येणारे वहीत प्रश्न लिहीत, तो तोंडाने उत्तर देई. ७ मे १८२४ रोजी नववी सिम्फनी प्रथम सादर झाली, तेव्हा तो व्यासपीठावर होता. पण वादक दुसऱ्याच संचालकाकडे पाहून वाजवत होते. टाळ्या त्याला ऐकू आल्या नाहीत. एका गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवले, तेव्हा त्या त्याला दिसल्या.

बीथोव्हेनचा बहिरेपणा वयोमानाचा नव्हता आणि त्याचे कारण आजही निश्चित नाही. पण त्याने सांगितलेली लक्षणे आपल्या घरातल्या आजी-आजोबांतही दिसतात. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी झिजतात, तेव्हा बहुधा उंच स्वर आधी जातात. ‘स’, ‘श’सारखी व्यंजने त्याच पट्ट्यातली. म्हणून आवाज येतो, शब्द निसटतो. हे इतके हळूहळू घडते की खुद्द त्या व्यक्तीलाच कळत नाही. घरच्यांना मात्र टीव्हीचा वाढलेला आवाज, पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारणे आणि समारंभात गप्प बसणे दिसते. त्याला ते हट्टीपणा किंवा विसराळूपणा समजतात.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी आणि पासष्टीनंतर दर एक ते तीन वर्षांनी श्रवणचाचणी सुचवते. त्रास जाणवत नसलेल्या सरसकट सर्वांची तपासणी करून किती फायदा होतो, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र लक्षणे दिसत असतील, तर थांबण्याचे कारण नाही. प्राथमिक पाहणी घरीही होते. एक कान बंद करायला सांगून हातभर अंतरावरून, मागे उभे राहून, तीन आकडे कुजबुजावेत. ते नीट सांगता आले नाहीत, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. कधी नुसता मळ असतो, तो काढला की काम भागते. नाहीतर ऑडिओमेट्री करून श्रवणयंत्र ठरवता येते. कानात स्वतः तेल घालणे टाळावे.

उतारवयातला श्रवणदोष एकटेपणा वाढवतो आणि स्मृतिभ्रंशाच्या वाढीव धोक्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. बीथोव्हेनच्या काळी निदान झाले असते, तरी द्यायला कर्ण्याशिवाय फारसे काही नव्हते. आज यंत्र आहे, तपासणीही सोपी आहे. अडते ते ऐकू येत नाही असे कबूल करण्यापाशी, आणि तिथे घरच्यांनी पहिले पाऊल उचलायला हवे.