बोरीबंदरच्या चौकाचा कर्ता : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

इटलींतील व्हेनिस शहरीं सेंट मार्कचा चौक म्हणून एक जगप्रसिद्ध स्थळ आहे. एका अंगास त्या साधूचें मंदिर, त्याला लागून तेथील अधिपतींचा जुना वाडा, वाड्यास टोकदार कमानींची रांग, भिंतींवर पांढऱ्या व गुलाबी दगडांची नक्षी, आणि पाण्याच्या बाजूस उंच खांबावर पंख असलेला सिंह. तो चौक घडावयास कित्येक शतकें लागलीं. आपल्या मुंबईंतहि त्याच कुळींतला म्हणावा असा एक चौक आहे. तो बोरीबंदरचा. तेथें समोरासमोर उभ्या असलेल्या दोन भव्य इमारती, म्हणजे रेल्वेचें स्थानक व महानगरपालिकेचें मुख्यालय, एकाच माणसाच्या कल्पनेंतून उतरल्या आहेत.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजीं इंग्लंडांत बाथ शहरानजीक झाला. बाथ हें पिंवळसर दगडांत बांधलेलें देखणें शहर. दगडाची गोडी त्या मुलास निराळी लावावी लागली नसेल. शाळा आटोपल्यावर त्यांनीं चार्ल्स डेव्हिस या स्थापत्यकाराच्या हाताखालीं पांच वर्षें उमेदवारी केली. १८६७ सालीं ते हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले व वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास या देशीं आले. आरंभीं पुण्यास नेमणूक झाली. तेथून लवकरच मुंबईस बदली.

तो काळ मुंबईच्या बांधणीचा होता. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें येथील कापसास सोन्याचा भाव आला होता, आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं जुन्या कोटाच्या भिंती पाडवून मोकळी झालेली जागा मोठमोठ्या इमारतींसाठीं काढली. इंग्लंडांत त्या वेळीं रस्किन या ग्रंथकाराच्या लेखनानें व्हेनिसच्या गॉथिक बांधणीचें वेड पसरलें होतें. तेंच जहाजांतून मुंबईस उतरलें. विद्यापीठाच्या सभागृहाचे व घड्याळाच्या मनोऱ्याचे नकाशे करणारे सर गिल्बर्ट स्कॉट यांनीं तर मुंबई कधीं डोळ्यांनीं पाहिलीच नाहीं. कागद विलायतेहून आले व दगड येथें चढले. स्टीव्हन्स यांचें तसें नव्हतें. त्यांनीं येथील ऊन, पाऊस आणि गवंडी यांच्यामध्यें आयुष्य काढलें, आणि माझ्या मतें त्यांच्या कामांत पुढें जो फरक पडत गेला त्याचें मूळ येथेंच आहे.

त्यांचें पहिलें नांवाजलेलें काम म्हणजे खलाशांसाठीं बांधलेलें रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. तें १८७६ सालीं पुरें झालें. हल्लीं त्या इमारतींत महाराष्ट्र पोलिसांचें मुख्यालय आहे. या कामावरून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचें लक्ष त्यांच्याकडे गेलें. १८५३ सालीं पहिली आगगाडी ज्या बोरीबंदराहून ठाण्यास गेली, तेथें कंपनीस आतां मोठें स्थानक व कचेरी हवी होती. स्टीव्हन्स यांनीं सुमारें दहा महिने युरोपांत हिंडून तेथील स्थानकें पाहिलीं. १८७८ मध्यें कामास हात लागला व तें १८८८ मध्यें संपलें. खर्च सोळा लाख रुपयांवर गेला.

या इमारतीचा मधला घुमट मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. कमान किंवा घुमट बांधतांना खालून लांकडाचें कालबूत उभारतात, ज्यास हल्लीं आपले गवंडी सेंटरिंग म्हणतात. चुना घट्ट झाला कीं तें काढून घेतात. स्टीव्हन्स यांनीं आठ कोनांचा घुमट घेतला आणि त्याच्या दगडी फासळ्या, सुतार लांकडांत खांचा जुळवितो तशा, एकमेकींत गुंतवून कालबुताच्या आधाराविना वर नेल्या. इटालियन गॉथिक धाटणीच्या इमारतीवर असा घुमट प्रथम येथेंच बसविला गेला, असें सांगतात. त्याच्या शिखरावर हातांत मशाल घेतलेली, साडेसोळा फूट उंचीची प्रगतीची मूर्ति आहे. फाटकाच्या एका खांबावर इंग्लंडचा सिंह व दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ बसला आहे. व्हेनिसच्या सिंहाची आठवण येथें हटकून होते.

पण नकाशा एकाचा असला तरी काम हजार हातांचें. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं भिंतींवर, खांबांच्या माथ्यांवर मोर, माकडें, खारी, पानें व फुलें कोरलीं. तीं पानें व्हेनिसचीं नव्हेत, तीं आपल्या रानांतलीं आहेत. साहाय्यक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य होते. दर्शनी भिंतीवर रेल्वेच्या जुन्या संचालकांचे मुखवटे कोरले आहेत, त्यांत नाना शंकरशेट यांचाहि आहे. कोरणाऱ्या मुलांचीं नांवें मात्र तेथें कोठें कोरलेलीं नाहींत. आपल्या भागांतले तलाव ज्या कोहळ्यांनीं बांधले, त्यांतील बहुतेकांची हीच गत झाली. पाणी आहे, नांव नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला होता व लक्षावधि माणसें अन्नाविना मेलीं. त्याच दुष्काळाच्या शेवटास या राजमहालासारख्या स्थानकाचा पाया खणला गेला. इमारतीचें सौंदर्य पाहतांना हें विसरावें असें मला वाटत नाहीं. आणि हें आठवून इमारतीस कुरूप म्हणावें, असेंहि वाटत नाहीं. पालकांनीं घरीं मुलांशीं या प्रश्नाचा विचार अवश्य करावा.

१८८४ च्या डिसेंबरांत व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्तें स्थानकासमोर पालिकेच्या इमारतीची कोनशिला बसली. याच सुमारास स्टीव्हन्स यांनीं सरकारी नोकरी सोडून मुंबईंतच स्वतंत्र व्यवसाय मांडला होता. या कामीं मद्रासचे नामांकित स्थापत्यकार चिझम यांचा हिंदी व मुसलमानी धाटणीचा नकाशा पुढें आला होता. परंतु अखेरीस स्टीव्हन्स यांची योजना पसंत ठरली. त्यांच्यापुढें विलक्षण अडचण होती. स्वतःच्याच थोर कामासमोर दुसरें काम उभें करावयाचें, तें फिकें पडूं नये, आणि पहिल्यास झांकूंहि नये! शिवाय जागा दोन रस्त्यांच्या बेचक्यांतली, निमुळती. त्यांनीं त्या निमुळत्या टोंकावरच उंच मनोरा चढविला आणि दोन्ही बाजू रस्त्यांसवें मागें पसरूं दिल्या. स्थानक आडवें पसरतें, पालिका उभी चढते; त्यामुळें दोघांचें भांडण होत नाहीं. इमारत १८९३ सालीं पुरी झाली.

या दोन्ही इमारतींकडे चौकांत उभें राहून पाहिलें म्हणजे त्यांच्यामधल्या वर्षांत हा माणूस किती पुढें गेला तें कळतें. पहिलींत व्हेनिस पुढें आहे व हिंदुस्थान पानाफुलांत. दुसरींत फुगीर हिंदी घुमट थेट माथ्यावर चढून बसले आहेत. चर्चगेटजवळ बॉम्बे बडोदा रेल्वेची जी कचेरी त्यांनीं १८९९ पर्यंत बांधविली, जेथें आज पश्चिम रेल्वेचें मुख्यालय आहे, तीहि याच वळणाची. ज्याचें अनुकरण करावयास ते आले होते, त्याहून निराळें कांहीं ते येथें शिकले.

१८८७ मध्यें राणीच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलेलें तें स्थानक १९९६ पासून छत्रपति शिवाजी टर्मिनस झालें, २०१७ मध्यें त्यांत महाराज हा शब्द जोडला गेला; २००४ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत घेतलें. गोंदियाहून सुटणारी आपली विदर्भ एक्सप्रेस तेथेंच थांबते. मात्र लांब पल्ल्याच्या गाड्या पूर्वेकडील फलाटांवर लागतात व दर्शनी अंग पश्चिमेस आहे. तेव्हां सामान घेऊन थोडें वळून यावें लागेल. पालिकेसमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे, तेथून दोन्ही इमारती एका नजरेंत येतात.

स्टीव्हन्स यांस हें वैभव फार दिवस पाहतां आलें नाहीं. १९०० सालच्या मार्चांत हिवतापानें मुंबईंतच त्यांचा अंत झाला. वय अवघें बावन्न. हिवताप डांसांमुळें पसरतो हें सर रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस शोधून काढलें त्यास तेव्हां तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्यांचें दफन झालें, आणि त्यांचे पुत्र चार्ल्स यांनीं वडिलांचा व्यवसाय याच शहरांत पुढें चालविला.