सफरचंदाच्या सालीवरचे डाग

सफरचंद वरून लालबुंद दिसते, पण सालीवर मधूनमधून तपकिरी, खोलगट ठिपके असतात. साल काढली की खाली बुचासारखा कोरडा, कडवट गर लागतो. या विकाराला ‘बिटर पिट’ म्हणतात. त्याचे कारण शोधण्याचे काम साठी ओलांडलेल्या डॅनियल मॅकआल्पाइन यांच्याकडे आले.

मॅकआल्पाइन यांचा जन्म १८४९ मध्ये स्कॉटलंडमधील सॉल्टकोट्स येथे झाला. लंडनमध्ये थॉमस हक्सली यांच्या व्याख्यानांतून ते जीवशास्त्र शिकले. १८८४ मध्ये ते मेलबर्नला गेले आणि १८९० मध्ये व्हिक्टोरियाच्या कृषी खात्यात वनस्पती-रोगतज्ज्ञ झाले. गव्हाचा तांबेरा, काणी, फळझाडांवरच्या बुरशी यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले.

त्या काळी ऑस्ट्रेलियातील सफरचंदे बोटीने इंग्लंडला जात. झाडावरून उतरवताना निरोगी दिसणाऱ्या फळांवरही साठवणीत डाग उमटत आणि बागायतदाराचे वर्षभराचे कष्ट वाया जात. १९११ मध्ये सरकारने मॅकआल्पाइन यांना या एकाच विकाराच्या तपासाला नेमले.

तो काळ जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. आजार म्हटला की जंतू शोधायचा, अशी रीत पडली होती. बुरशीचा अभ्यास करण्यात हयात गेलेल्या मॅकआल्पाइन यांनी मात्र इथे बुरशी, जंतू वा कीड यांपैकी काहीही कारणीभूत नाही, असा निष्कर्ष काढला. मेलबर्नचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड एवर्ट फवारणीतल्या विषाला दोष देत होते. तेही मॅकआल्पाइन यांना पटले नाही.

त्यांनी फळाच्या आतल्या बारीक वाहिन्यांचे जाळे तपासले. जोमाने वाढणाऱ्या तरुण झाडांवर, कमी बहर असताना आलेल्या मोठ्या फळांत हा विकार जास्त दिसे. पाण्याचा पुरवठा अनियमित झाला की पेशी बिघडतात, असे मत त्यांनी मांडले. १९१६ पर्यंत त्यांचे पाच अहवाल निघाले.

उत्तर अर्धे बरोबर होते. मॅकआल्पाइन १९३२ मध्ये वारले. चार वर्षांनी कॅनडात अशा डागाळलेल्या सफरचंदांच्या राखेचे पृथक्करण झाले आणि कॅल्शियमच्या कमतरतेकडे बोट दाखवले गेले. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढते. पानांतून बाष्प जास्त निघते, म्हणून पाण्याचा ओढा पानांकडे असतो आणि फळाच्या वाट्याला थोडेच येते. पाणी अनियमित झाले किंवा फळ फार मोठे झाले, की तेवढेही पुरत नाही. जमिनीत कॅल्शियम भरपूर असूनही फळ उपाशी राहते. टोमॅटोचे बूड काळे पडते, त्यामागेही हेच कारण असते. म्हणून आता बागांमध्ये फळांवरच कॅल्शियमची फवारणी करतात.

मॅकआल्पाइन यांनी वाट बरोबर ओळखली होती, पण त्या वाटेने काय पोहोचत नाही, हे त्यांच्या हयातीत कळले नाही. माणसाच्या शरीरातही असेच घडते. आहारात लोह असूनही आतड्यात ते नीट शोषले गेले नाही, तर रक्तक्षय होतोच. केवळ ताटात काय वाढले, एवढे पाहून भागत नाही.

असे ठिपके असलेले सफरचंद संसर्गजन्य नसते. कडवट भाग कापून टाकावा, बाकीचे फळ खुशाल खावे.