सावित्रीबाई फुले
सावित्रीबाई फुले (३ जानेवारी १८३१, नायगाव – १० मार्च १८९७, पुणे) या शिक्षिका, कवयित्री व समाजसुधारक होत्या. पती जोतीराव फुले यांच्यासह त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. जोतीरावांच्या निधनानंतर (१८९०) सत्यशोधक समाजाचे कार्य त्यांनी पुढे चालविले. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली प्लेगची साथ पुण्यात पोहोचली, तेव्हा त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरनजीक ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. तेथे सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. या सेवेतच त्यांना प्लेगची लागण होऊन वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.