विश्लेषण : सीटी स्कॅन आणि रडारमागचे गणित १९१७ मध्येच सुटले होते? योहान राडोन कोण होते?

सीटी स्कॅनमध्ये शरीर न कापता आतला भाग दिसतो. विमानातले रडार ढगांआडच्या जमिनीचे चित्र काढते. या दोन्हींच्या मुळाशी असलेले गणित ऑस्ट्रियाचे योहान राडोन यांनी मांडले. त्याचा उपयोग पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

कोण होते राडोन?
जन्म १६ डिसेंबर १८८७, टेट्शेन येथे. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. १९१० मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. दृष्टी अधू असल्याने पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यसेवेतून सूट मिळाली. युद्ध सुरू असतानाच, १९१७ मध्ये त्यांचा तो निबंध लायपझिगमध्ये प्रसिद्ध झाला.

निबंधात काय होते?
क्ष-किरण शरीरातून आरपार गेला की वाटेत एकूण किती अडथळा आला, एवढेच कळते. कुठे किती, ते कळत नाही. पण सर्व दिशांच्या सर्व रेषांवरच्या अशा बेरजा हाती असतील, तर प्रत्येक बिंदूची किंमत काढता येते, हे राडोन यांनी सिद्ध केले आणि त्याचे सूत्रही दिले.

परावर्तित लहरींशी संबंध काय?
रडारपासून सारख्या अंतरावरच्या वस्तूंचे प्रतिध्वनी एकाच वेळी, एकत्र मिसळून परततात. म्हणजे इथेही हाती येते ती बेरीजच. विमान पुढे सरकते तशी दिशा बदलते आणि नव्या बेरजा मिळतात. त्यांतून चित्र उलगडते. भूगर्भातून परतणाऱ्या कंपनलहरींचा गोंगाट वेगळा काढण्यासाठीही राडोन रूपांतर वापरतात.

मग उपयोगाला उशीर का झाला?
निबंध शुद्ध गणिताचा होता. शिवाय सूत्राला अगणित बेरजा लागतात. प्रत्यक्षात त्या मोजक्या आणि सदोष असतात. संगणकाशिवाय हे काम होणारे नव्हते. २५ मे १९५६ रोजी राडोन यांचे व्हिएन्नात निधन झाले. त्याच वर्षी केपटाऊनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉरमॅक याच प्रश्नाकडे वळले. राडोन यांचे काम ठाऊक नसल्याने त्यांनी उत्तर नव्याने शोधले. १९७१ मध्ये लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचे स्कॅन झाले. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफिल्ड यांना विभागून मिळाले.

राडोन यांचे आयुष्य कसे गेले?
तिन्ही मुलगे त्यांच्या हयातीतच गेले. त्यांपैकी एक १९४३ मध्ये रशियाच्या आघाडीवर. १९४५ मध्ये युद्धामुळे ब्रेस्लाऊ सोडावे लागले. १९४६ पासून अखेरपर्यंत ते व्हिएन्नात शिकवत राहिले. आज जगभर रोज होणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये त्यांचेच गणित चालते, पण रिपोर्टवर त्यांचे नाव कुठेच नसते.